‘नेपल्सचे’ म्हणजे नेमके कुठले?

(वाचकांचे प्रश्न, रेकॉर्ड रूमची उत्तरं)

प्रश्न : आमचे जावई न्यू जर्सीत जन्मलेले. आडनाव इटालियन, पण भाषेचा गंध नाही. त्यांचे पणजोबा १९०९ च्या सुमारास ‘नेपल्सहून’ बोटीने अमेरिकेला आले, एवढंच त्यांच्या घरात सांगतात. येत्या ऑगस्टमध्ये मुलगी, जावई, नातू आणि आम्ही दोघं असे पाच जण इटलीला जायचं म्हणतोय. नेपल्सला उतरून आडनावावरून चौकशी केली तर मूळ घर सापडेल का? तिथे कुठल्या कचेरीत जावं?
— एक आजोबा, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिकिटं काढली नसतील तर थांबा. काढली असतील तर नेपल्सला पिझ्झा खा, समुद्र बघा आणि घर शोधायचं पुढच्या खेपेवर ठेवा. तुम्ही सांगितलेल्या माहितीवर तिथे काहीही सापडणार नाही.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, माझी एकतीस वर्षं एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेली. निवृत्तीनंतरही मोडी वाचायला बोलावणं येतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची धांदल उडाली तेव्हा दारात रांग लागायची. माणूस यायचा आणि म्हणायचा, “बाई, आडनाव पाटील, नोंद काढा.” मी विचारायची, “गाव कुठलं?” तो म्हणायचा, “कोल्हापूरच की!” आता कोल्हापुरात पाटील किती, आणि कोल्हापूर म्हणजे करवीर, की कागल, की आजरा? पुण्याला गेलेला आजऱ्याचा माणूससुद्धा “मी कोल्हापूरचा” असंच सांगतो. तिथे आजरा कुणाला माहीत असतो?

तुमच्या जावयांच्या पणजोबांनी हेच केलं. दक्षिण इटलीतले लोक ज्या बंदरातून बोटीत चढले, त्यातलं मोठं बंदर नेपल्स. शिवाय १८६० पर्यंत तो अख्खा दक्षिण भाग नेपल्सच्या राजाचाच. म्हणून डोंगरातला शेतमजूरही अमेरिकेत ‘नेपल्सचा’ झाला. आणि इटलीतली नोंद आडनावाखाली नाही, गावाखाली असते. तिथल्या गावाच्या कारभाराला ‘कोमुने’ म्हणतात. आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका समजा. जन्म, लग्न, मृत्यू यांची वही कोमुनेच्या कचेरीत. गावाचं नाव नसेल तर तुम्ही तिथल्या कारकुनापुढे आणि तो तुमच्यापुढे नुसते हसत उभे राहाल.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सूनही न्यू जर्सीची आणि तिचे पणजोबाही ‘नेपल्सचे’. प्रत्यक्षात ते निघाले बाझिलिकाताचे. इटलीच्या बुटाच्या टाचेच्या आणि चवड्याच्या मधला तो डोंगराळ भाग. हे आम्हाला इटलीत नव्हे, तिच्या आत्याच्या घरी बिस्किटाच्या डब्यात कळलं. डब्यात पणजोबांचा अमेरिकन नागरिकत्वाचा कागद होता. १९०६ नंतरच्या अशा अर्जांत जन्मगाव लिहावं लागे. आत्यांनी तो कागद चाळीस वर्षं सांभाळला होता, वाचला मात्र कुणीच नव्हता. गावाचं स्पेलिंग इतकं चुकलेलं, की नकाशावर ते मिळेना. शेवटी सूनबाईने ते मोठ्याने वाचलं आणि कानाला जवळचं वाटेल असं गाव शोधलं, तेव्हा लागलं.

तेव्हा पहिलं काम जावयांच्या आईला, मावशीला, आत्याला फोन. नागरिकत्वाचा कागद, चर्चमधलं लग्नाचं पत्र, कबरीच्या दगडावरचा मजकूर, जुन्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, काहीही चालेल. दुसरं काम बोटीच्या याद्या. न्यूयॉर्कला एलिस आयलंडवर उतरलेल्यांच्या याद्या फुकट बघता येतात. १९०७ नंतरच्या यादीत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाईकाचं नाव आणि पत्ताही लिहिलेला असतो. १९०९ म्हणताय म्हणजे तुमचं नशीब बरं. “एलिस आयलंडच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं” ही कथा तुमचे व्याही सांगतीलच. ऐका, हो म्हणा आणि विसरा. याद्या बोट निघण्याच्या बंदरातच तयार व्हायच्या. अमेरिकेत त्या नुसत्या ताडून बघत. नावं बदलली ती नंतर, शाळेत आणि कारखान्यात, बरेचदा ज्याची त्यानेच.

गावाचं नाव हाती आलं की मग गंमत सुरू होते. इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांनी जुन्या नोंदींची छायाचित्रं ‘आंतेनाती’ नावाच्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. आंतेनाती म्हणजे पूर्वज. सगळे जिल्हे नाहीत, पण पुष्कळ आहेत. नेपल्सच्या जुन्या राज्यात या वह्या १८०९ पासून आहेत, कारण नेपोलियनचा मेहुणा मुरा तिथे राजा होता आणि फ्रेंचांची नोंदणीची पद्धत त्याने तिथे लावली. म्हणजे आपल्याकडे अजून पेशवाई होती, तेव्हा तिथल्या खेड्यातल्या गवंड्याचं पोर सकाळी किती वाजता जन्मलं हे वहीत लिहिलं जात होतं. सिसिलीत १८२० पासून. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी एकीकरणानंतर, १८६६ पासून. त्याआधीचं हवं असेल तर चर्चच्या वह्या. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायचा हुकूम काढला, तिथवर मागे जाता येतं. मात्र त्या पाद्रीबाबांच्या ताब्यात. आधी पत्र, मग भेट, मग चर्चच्या पेटीत दक्षिणा. तेही ओळखीचंच वाटेल.

मला इटालियन येत नाही. तरी मी त्या वह्या वाचल्या. सातबारा वाचायला साहित्याची पदवी लागते का? ठरावीक मजकूर, ठरावीक जागा. पन्नास शब्द पाठ केले की पुरे. रात्री साडेनऊला मी इथे ताराबाई पार्कात, सूनबाई तिकडे सकाळच्या कॉफीवर, असं चार महिने चाललं. त्यातल्या दोन-तीन खुबी सांगते.

बापाच्या नावाआधी ‘दि’ असेल तर बाप हयात, ‘फू’ असेल तर तो वारला. म्हणजे ‘फू’ म्हणजे आपलं ‘कै.’. एवढ्या एका अक्षरावरून मृत्यूची नोंद कुठल्या सालाच्या आत शोधायची ते कळतं.

तारखेत सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रे’ लिहिलं असेल तर जुलै धरू नका, तो सप्टेंबर. आठला ‘ब्रे’ म्हणजे ऑक्टोबर, नऊला नोव्हेंबर आणि रोमन दहाला डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश! जुन्या रोमनांचं वर्ष मार्चला सुरू व्हायचं, त्याची ही खूण. मी सूनबाईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना की संस्कृतवरून तिच्या पणजोबांचा वाढदिवस दोन महिने पुढे गेला.

आणि सगळ्यात मोठं घबाड म्हणजे लग्नाची जोडपत्रं, ‘प्रोचेस्सेत्ती’. लग्न करताना वधूवरांना आपापले जन्मदाखले द्यावे लागत. बाप मेला असेल तर त्याचा मृत्यूदाखला, आणि संमती द्यायला बाप नाही म्हणून आजोबा, तेही नसतील तर आजोबांचाही मृत्यूदाखला. एका लग्नाच्या पाकिटात तीन पिढ्या! आपले हेळवी बैलावर वह्या लादून सुगीनंतर दारात यायचे आणि सात पिढ्या घडाघडा म्हणायचे, त्याची आठवण झाली.

एक चकवाही आहे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, थोरल्या मुलीला वडिलांच्या आईचं. पाच भावांनी हे पाळलं की गावात एकाच नावाचे पाच चुलतभाऊ तयार. मूल गेलं तर पुढच्याला पुन्हा तेच नाव. आम्ही दीड महिना एका भलत्याच जुझेप्पेच्या मागे होतो, तो तीन वर्षांचा असतानाच वारलेला.

आता जरा विषयांतर करते. इटालियन नोंदीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने राहते. जन्म, लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू, सगळीकडे तेच नाव. धंदासुद्धा लिहितात, सूत कातणारी, शेतावर राबणारी. त्यामुळे सुनेच्या पणजीची आई, तिची आई, तिचीही आई अशी मी सरळ चढत गेले, १८११ पर्यंत. मग एका रात्री वाटलं, आपल्या आईच्या आईचं काय? लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव बदललं. कोतवाल बुकात मुलांच्या जन्माच्या नोंदी आहेत, त्यात बापाचं नाव आहे. ती नाही. गडहिंग्लजकडची होती म्हणतात. एकतीस वर्षं दुसऱ्यांची नोंद काढणारी मी, तिचं पाळण्यातलं नाव मला माहीत नाही. असो.

प्रवासाचं सांगते. ऑगस्ट नको. पंधरा ऑगस्टला त्यांचा ‘फेर्रागोस्तो’ सण असतो आणि त्याच्या पुढेमागे अर्धा देश समुद्रावर. कचेरीत माणूस असेलच असं नाही. मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहाला गावात हजर राहा. दुपारी एक ते चार शटर खाली. पुणेकरांनाच का बदनाम करतात कोण जाणे. महिनाभर आधी कोमुनेच्या जन्ममृत्यू विभागाला इटालियनमध्ये ईमेल करा. त्यात नाव, अंदाजे साल, आईबापांची नावं आणि तुम्ही येणार ती तारीख. चारच ओळी. खानदानाचा इतिहास लिहू नका. तोही कारकून आहे. मी अशी पत्रं वाचलेली आहेत, तिसऱ्या पानाला चहा लागतो.

अमेरिकन पासपोर्टवाल्यांना नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तुम्हा दोघांना शेंगेन व्हिसा लागेल. तीस हजार युरोचा आरोग्यविमा त्यात सक्तीचा. डोंगरातल्या गावांना गाडी हवी, पण जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, पाटीवर लाल वर्तुळ. माझ्या मुलाने ते वर्तुळ बघितलं नाही. कॅमेऱ्याने बघितलं. दंडाची नोटीस पाच महिन्यांनी घरी आली.

घर सापडेल का, असं तुम्ही विचारलंय. आम्हाला दार सापडलं. कचेरीतल्या बाईंनी वही काढली, नोंदीवर बोट ठेवलं आणि सूनबाई रडायला लागली. बाईंना त्याची सवय असावी, त्यांनी टेबलाच्या खणातून रुमाल काढून दिला. गल्लीचं नाव नोंदीत होतं, पण आता बदललेलं. मग त्यांनी खिडकीतून खाली चौकात बसलेल्या म्हाताऱ्यांना हाक मारून आडनाव सांगितलं. म्हातारे म्हणाले, “कुठले? त्या आडनावाची चार घरं.” ओळख पटली ती टोपणनावावर. प्रत्येक घराण्याला तिथे गावाने ठेवलेलं नाव असतं, वहीत नसलेलं. आपल्याकडे एकाच आडनावाच्या चार घरांना वाड्यावरचे, ओढ्याकाठचे, घोडेवाले असं म्हणतात तसंच. न्यू जर्सीच्या आत्या एक शब्द वापरायच्या, शिवी समजून. तो शब्द सूनबाईने भीतभीत उच्चारला आणि चारही म्हातारे हसत उठले. तेच ते टोपणनाव. तेव्हा जावयांना सांगा, घरातले निरर्थक वाटणारे शब्दसुद्धा लिहून आणा.

दार हिरवं होतं आणि कुलूप होतं. घर विकून साठ वर्षं झालेली, आता कुणाचं तरी शेतीचं सामान आत. पणजोबांच्या धाकट्या भावाची नात मात्र दोन गल्ल्या पलीकडे जिवंत होती, वय शहाऐंशी. तिच्याकडे जेवायला बोलावलं. मी रिकाम्या हाती कशी जाणार? कोल्हापुरी चपलेचा जोड नेला होताच. (२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल मिरवली आणि इकडे ओरड झाली, तेव्हा मला त्या आजीच आठवल्या. त्यांच्या पायात ती आधीपासून होती.) वर शोभेसाठी बाजारातून पिवळ्या शेवंतीचा गुच्छ घेतला. आजींनी दार उघडलं, गुच्छ बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. इटलीत शेवंती फक्त मेलेल्यांना वाहतात, दोन नोव्हेंबरला, कबरीवर. सूनबाईला हे माहीत नव्हतं, मला कुठून असणार? आजींनी शांतपणे गुच्छ घेतला, नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला आणि आम्हाला आत घेतलं. तुम्ही मिठाईचा पुडा न्या.

कबरस्तानातही फार आशा धरू नका. जमिनीत पुरलेल्यांची हाडं काही वर्षांनी काढून सामाईक अस्थिगृहात ठेवायची तिथे रीत आहे. शंभर वर्षांपूर्वीची कबर क्वचितच असते. पण आडनावं वाचत फिरा. चिनीमातीच्या लंबगोल फोटोंत तुमच्या नातवाचं नाक दिसायचं एखाद्या ठिकाणी.

प्रश्न : वरच्यासारखंच आमचंही नातं आहे. नातवाच्या खापरपणजोबांवरून त्याला इटालियन पासपोर्ट मिळतो, असं एजंट सांगतोय. पैसे भरू का?
— एक आजी, इचलकरंजी

उत्तर : नका भरू. पूर्वी पिढ्यांची मर्यादा नव्हती, हे खरं. मार्च २०२५ मध्ये इटलीने वटहुकूम काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी फक्त इटालियन नागरिक असेल तरच दावा. खापरपणजोबांवर भागत नाही. एजंटने जुनी जाहिरात बदललेली दिसत नाही. नातू अमेरिकन नागरिक असेल तर दुसरा पासपोर्ट त्याला चालतो. भारतीय नागरिक असेल तर आपला सोडावा लागतो, हेही एजंट सांगत नसेल.

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते. १९४४ मध्ये इटलीत कामी आले. घरी फक्त एक पदक आहे. आमची मुळं इटलीत नाहीत, पण आजोबा तिथे आहेत. जागा कशी शोधावी?
— एक शेतकरी, कागल तालुका

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न या सदरात बसतो, निर्धास्त राहा.

पदकाच्या कडेवर शिपाई क्रमांक कोरलेला आहे का, भिंगाने बघा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था त्या युद्धातल्या मृतांची यादी ठेवते, ती फुकट शोधता येते. नाव इंग्रजीत वेडंवाकडं असणार हे धरून चला. जाधवचं जाधाव, यशवंतचं येशवंत. पुष्कळ नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, तमकं गाव, कोल्हापूर’ असंही लिहिलेलं असतं, म्हणून गावाच्या नावानेही शोधा. क्रमांक असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे लेखी विचारा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिहून मिळेल.

एक गोष्ट मनाशी ठेवा. आपल्या शिपायांपैकी बऱ्याच जणांना तिथे अग्नी दिला, त्यामुळे थडगं नसेल, नाव असेल. सांग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीतल्या स्मारकावर अग्नी दिलेल्या पाचशेहून अधिक भारतीय शिपायांची नावं आहेत. फोर्लीलाही तसं स्मारक आहे. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांची नावं कासिनोच्या स्मारकावर. रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही, नाव कासिनोलाच. उंब्रियातल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. तिथल्या लोकांना मराठा पलटण सांगावी लागत नाही. जाणार असाल तर गावची मूठभर माती न्या. नियमात बसतं का ते विमानतळावर विचारू नका, थोडीशीच न्या.

प्रश्न : सहलीवाले फ्लॉरेन्सला एकच दिवस देतात. राजाराम महाराजांची छत्री बघून होईल का?
— मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : होईल, दुपारचं जेवण सोडलंत तर. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज फ्लॉरेन्सच्या हॉटेलात वारले, विशीतच. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि त्या शहराने अशी चिता पाहिलेली नव्हती. नगरपालिकेची परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. संगम शोधला, बघा, परमुलखातसुद्धा. १८७४ मध्ये तिथे छत्री झाली. नकाशा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपल्या नव्या राजवाड्याचाही आराखडा काढला. त्यामुळे बघताक्षणी ओळखीची वाटते.

ती काशिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. सहलीचा वाटाड्या “असं काही नाही” म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, टॅक्सीवाल्याला ‘इंदियानो’ म्हणा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच त्यांनी ‘इंदियानोचा पूल’ ठेवलं आहे. कुठला इंडियन, हे टॅक्सीवाल्याला माहीत नसतं. जायला-यायला वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात सांगून होतं. माझ्या मुलाने त्याला कोल्हापूरचा नकाशासुद्धा काढून दाखवला आणि मीटर चालूच राहिलं.